ग्रामीण शाळेतून विद्यापीठाच्या दारापर्यंत : म्हैसूरचा अनुभव

उच्च शिक्षणाचा प्रसार हा कोणत्याही विकसनशील समाजाच्या प्रगतीचा महत्त्वाचा निकष मानला जातो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशातील उच्च शिक्षणातील स्थूल नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होते आणि विद्यार्थ्यांची एकूण संख्या सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशाची ६८.८ टक्के लोकसंख्या ग्रामीण भागात राहत होती. हे लक्षात घेतले, तर वरील उद्दिष्ट गाठण्याची खरी कसोटी खेड्यातील लहान माध्यमिक शाळांतच लागणार, हे स्पष्ट होते.

मात्र अशा शाळेतील विद्यार्थ्याच्या दृष्टीने नामवंत शासकीय विद्यापीठात किंवा महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज करणे म्हणजे केवळ एक प्रपत्र भरणे नव्हे. माहिती, तयारी, कागदपत्रे आणि शहरातील निर्वाह असे चार उंबरठे त्याला ओलांडावे लागतात. यांपैकी एक जरी चुकला, तरी उरलेल्या तिन्हींचे श्रम वाया जातात. हे उंबरठे कमी करण्याचे प्रयत्न शंभरहून अधिक वर्षे ज्या शहराच्या परिसरात होत आले, त्या म्हैसूरचा अनुभव या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

संस्थानी काळातील पायाभरणी

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना २७ जुलै १९१६ रोजी झाली. महाराजा नाल्वडी कृष्णराज वडियार हे त्याचे पहिले कुलपती, तर एच. व्ही. नंजुंडय्या हे पहिले कुलगुरू होत. ब्रिटिश प्रशासनाखालील प्रदेशाबाहेर, एका संस्थानाने स्थापन केलेले हे देशातील पहिले विद्यापीठ होय. प्रारंभी म्हैसूरचे महाराजा महाविद्यालय आणि बंगळूरचे सेंट्रल महाविद्यालय ही दोन महाविद्यालये त्याच्या कक्षेत होती. तोपर्यंत संस्थानातील विद्यार्थ्यांना पदवीसाठी मद्रास विद्यापीठाच्या परीक्षांवर अवलंबून राहावे लागत असे.

या विद्यापीठामागील प्रेरणा तत्कालीन दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची होती. त्यांचा स्वतःचा शैक्षणिक प्रवास प्रस्तुत विषयाशी जवळून निगडित आहे. मुद्देनहळ्ळी या खेड्यात जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांनी बंगळूरमध्ये शिकवण्या करून पदवी घेतली. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे त्यांना पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठाच्या पूर्वरूपात, शिकता आले. १८८३ मध्ये ते तेथील परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. महाराष्ट्राला खडकवासला धरणाच्या स्वयंचलित दरवाजांमुळे परिचित असलेला हा अभियंता एका शिष्यवृत्तीच्या आधाराने घडला, ही बाब विसरता येणार नाही.

संस्थानाने विद्यापीठ उभे केले, तरी त्यात प्रवेश कोणाला मिळतो हा प्रश्न लगेचच पुढे आला. शासकीय सेवेत मागासलेल्या समाजघटकांना पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे, यासाठी उपाय सुचवण्याकरिता १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. दक्षिण भारतातील आरक्षण धोरणाच्या इतिहासात या समितीला महत्त्वाचे स्थान आहे. गुणवत्तेच्या प्रश्नावर महाराजा आणि दिवाण यांच्यात या निमित्ताने मतभेद झाले. गुणवत्ता आणि संधी यांच्यातील हा वाद आजच्या प्रवेश प्रक्रियेतही वेगळ्या रूपात चालू असल्याचे दिसते.

याच काळात महाराष्ट्रातही समांतर प्रयत्न चालू होते. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून विविध समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास साहाय्य केले आणि २६ जुलै १९०२ च्या आदेशाने मागास वर्गांसाठी शासकीय सेवेत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि ‘कमवा व शिका’ हे सूत्र रुजवले. खेड्यातील मुलाला आधी शहरात राहायला जागा हवी, मग शाळा-महाविद्यालय, हे या दोन्ही नेतृत्वांनी अचूक ओळखले होते.

विद्यार्थी ते कुलगुरू

ग्रामीण विद्यार्थ्याला संधी मिळाली तर काय घडू शकते, याचे म्हैसूरमधील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कन्नड महाकवी कुवेंपु. २९ डिसेंबर १९०४ रोजी जन्मलेल्या के. व्ही. पुट्टप्पा यांचे बालपण तीर्थहळ्ळी तालुक्यातील कुप्पळी या मलनाडातील दुर्गम गावी गेले. पुढील शिक्षणासाठी ते म्हैसूरला आले आणि महाराजा महाविद्यालयातून त्यांनी पदव्या संपादन केल्या. या शहरात त्यांना अनेक वर्षे रामकृष्ण आश्रमात आश्रय मिळाला. त्याच महाविद्यालयात अध्यापन करीत ते १९५६ मध्ये म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६० पर्यंत त्या पदावर राहिले. ‘मानसगंगोत्री’ या पदव्युत्तर परिसराची कल्पना आणि त्याचे नावही त्यांचेच. उच्च शिक्षण कन्नड माध्यमातून उपलब्ध व्हावे, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी कन्नड पाठ्यपुस्तकांच्या निर्मितीला चालना दिली. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा आकलनाची नसून भाषेची असते, ही जाणीव या आग्रहामागे होती.

प्रवेश प्रक्रियेची आजची रचना

आज म्हैसूर शहरात शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर अनेक मार्ग आहेत आणि प्रत्येकाची प्रवेश पद्धती भिन्न आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्था आणि १९६३ मध्ये सुरू झालेले श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालय येथील शासकीय कोट्यातील जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून भरल्या जातात. १९२४ मध्ये सुरू झालेल्या म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालयात ‘नीट’ परीक्षेच्या आधारे प्रवेश मिळतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची प्रादेशिक शिक्षण संस्था तसेच अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था या केंद्रीय संस्थाही याच शहरात आहेत. म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात दक्षिणेकडील राज्ये येतात, तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठी भोपाळची संस्था आहे. अशा साध्या माहितीअभावीही अर्ज चुकीच्या ठिकाणी जाऊ शकतो.

कर्नाटकातील सामाईक प्रवेश प्रक्रियेचा उगम सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ मधील उन्नीकृष्णन निकालात आहे. व्यावसायिक महाविद्यालयांतील प्रवेश गुणवत्तेनुसार आणि पारदर्शक रीतीने व्हावेत, या हेतूने १९९४ मध्ये तेथे स्वतंत्र प्रवेश परीक्षा कक्ष सुरू झाला. अभियांत्रिकी प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या विषयांची प्रत्येकी ६० गुणांची, एकूण १८० गुणांची परीक्षा होते. मात्र गुणानुक्रम ठरवताना केवळ या परीक्षेचा विचार होत नाही. बारावी समकक्ष पदवीपूर्व परीक्षेतील संबंधित विषयांच्या गुणांना ५० टक्के आणि प्रवेश परीक्षेला ५० टक्के भार दिला जातो.

या सूत्राचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होईल. एका विद्यार्थिनीला पदवीपूर्व परीक्षेत ९० टक्के आणि प्रवेश परीक्षेत १८० पैकी ९० म्हणजे ५० टक्के गुण मिळाले, तर तिचे एकत्रित गुण ७० होतात. दुसऱ्या विद्यार्थ्याला अनुक्रमे ८० आणि ६० टक्के मिळाले, तरी त्याचे गुणही ७० च होतात. म्हणजेच दोन वर्षे वर्गात केलेल्या नियमित अभ्यासाला येथे प्रवेश परीक्षेइतकेच मोल आहे. महाराष्ट्रात मात्र अभियांत्रिकीच्या राज्य सामाईक प्रवेश परीक्षेत मिळालेल्या पर्सेंटाइलवर गुणानुक्रम ठरतो आणि बारावीचे गुण किमान पात्रतेपुरते पाहिले जातात. शिकवणी वर्गांपासून दूर असलेल्या विद्यार्थ्याला पहिली पद्धत अधिक अनुकूल वाटू शकते. तथापि, निरनिराळ्या मंडळांच्या गुणदानात समानता नसते, हा तिच्यावरील आक्षेपही विचारात घ्यावा लागतो.

ग्रामीण कोटा : स्वरूप आणि मर्यादा

कर्नाटकातील प्रवेश प्रक्रियेचे वैशिष्ट्य म्हणजे ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी १५ टक्के आणि कन्नड माध्यमातील विद्यार्थ्यांसाठी ५ टक्के जागांची तरतूद. हे आरक्षण समांतर म्हणजे आडव्या स्वरूपाचे आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांचे आरक्षण उभे असते, तर ग्रामीण कोटा प्रत्येक प्रवर्गाच्या आत लागू होतो. एखाद्या प्रवर्गाच्या वाट्याला २०० जागा आल्या, तर त्यांतील ३० जागा त्याच प्रवर्गातील ग्रामीण आणि १० जागा कन्नड माध्यमाच्या विद्यार्थ्यांना मिळतात. उभ्या आणि आडव्या आरक्षणातील हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात स्पष्ट केला आहे.

ग्रामीण कोट्यासाठी विद्यार्थ्याने पहिली ते दहावी ही पूर्ण १० वर्षे ग्रामीण भागातील शाळेत काढलेली असणे आवश्यक असते. त्यासाठी शाळेचे प्रमाणपत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थ्याला आपण उन्नत गटात मोडत नसल्याचेही सिद्ध करावे लागते.

या निकषाची ताकद आणि दुर्बलता एकाच ठिकाणी आहे. तो शाळेचे स्थान पाहतो, शाळेची स्थिती पाहत नाही. म्हैसूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील हेग्गडदेवनकोटे तालुक्यातील एखाद्या मुलीची कल्पना करावी. गावातील शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे तिला आठवीपासून तालुक्याच्या गावी जावे लागले आणि ते गाव नागरी क्षेत्रात मोडत असेल, तर तिची ग्रामीण शिक्षणाची सात वर्षे कोट्याच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतात. उलट, शहरालगतच्या खेड्यात उभ्या राहिलेल्या सुसज्ज निवासी शाळेतील विद्यार्थी स्थानाच्या निकषावर ग्रामीण ठरू शकतो. ज्या गावात माध्यमिक शाळाच नाही, तेथील विद्यार्थ्याची अडचण सर्वाधिक असूनही नियमाचा लाभ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, ही विसंगती होय.

न्यायालयांची भूमिका

केवळ ग्रामीण असणे हा मागासलेपणाचा पुरावा मानावा काय, याविषयी न्यायालयांनी सावध भूमिका घेतली आहे. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध प्रदीप टंडन या १९७५ च्या खटल्यात वैद्यकीय प्रवेशातील ग्रामीण भागासाठीचे आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवले. बहुसंख्य लोकसंख्या ग्रामीण असताना ती सर्व एकजिनसी मागास वर्ग आहे असे म्हणता येणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. डोंगराळ प्रदेश आणि उत्तराखंड यांच्यासाठीचे आरक्षण मात्र वैध ठरले. हरियाणातील ग्रामीण शाळांच्या विद्यार्थ्यांसाठीचे वैद्यकीय प्रवेशातील आरक्षण १९८४ मध्ये सुनील जेटली खटल्यात रद्द झाले. शिक्षक भरतीत ग्रामीण रहिवाशांना अतिरिक्त गुण देण्याची राजस्थानची पद्धत २००२ मध्ये कैलाशचंद शर्मा खटल्यात टिकली नाही.

तमिळनाडूने वेगळा मार्ग अवलंबला. तेथे २०२० च्या कायद्याने शासकीय शाळांतून सहावी ते बारावी शिकलेल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के समांतर आरक्षण देण्यात आले आणि मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते वैध ठरवले. ग्रामीण स्थानापेक्षा शाळेचा प्रकार हा वंचिततेचा अधिक नेमका निर्देशक मानल्याचे येथे दिसते. दोन्ही प्रतिमानांचा तौलनिक विचार धोरणकर्त्यांप्रमाणेच अभ्यासकांनाही उपयुक्त ठरेल.

सीमाभागातील मराठी विद्यार्थी

बेळगाव, कारवार, बिदर या परिसरातील मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे नियम विशेष महत्त्वाचे आहेत. ग्रामीण कोट्याला माध्यमाची अट नसल्याने खेड्यातील मराठी शाळेत पहिली ते दहावी शिकलेला विद्यार्थीही त्यासाठी पात्र ठरू शकतो. कन्नड माध्यमाच्या ५ टक्के जागांचा लाभ मात्र त्याला मिळत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(ञ) नुसार कल्याण कर्नाटक भागासाठी असलेल्या तरतुदींमुळे बिदर, कलबुर्गीसारख्या जिल्ह्यांतील स्थानिक विद्यार्थ्यांना राज्याच्या उर्वरित भागातील संस्थांतही ८ टक्के जागा उपलब्ध असतात. त्यामुळे बिदरच्या विद्यार्थ्यालाही म्हैसूरचे दार या मार्गाने उघडू शकते.

दुसऱ्या बाजूने, महाराष्ट्रातील जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज या तालुक्यांत सात वर्षे राहून शिकलेल्या कन्नड, तुळू किंवा कोडव मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना कर्नाटकातील प्रवेशासाठी पात्र मानण्याची तरतूद त्या राज्याच्या नियमांत आहे. अशा उमेदवारांना कन्नड भाषेची स्वतंत्र चाचणी द्यावी लागते. ‘नीट’ आणि केंद्रीय विद्यापीठांची सामाईक प्रवेश परीक्षा मराठीसह १३ भाषांतून देता येते, ही बाबही मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावयास हवी.

कागदपत्रे आणि पर्यायांची निवड

प्रवेश प्रक्रिया ऑनलाइन झाल्याने शहरातील फेऱ्या कमी झाल्या, पण चुकीची किंमत वाढली. जात व उत्पन्न प्रमाणपत्र, ग्रामीण अभ्यास प्रमाणपत्र, सात वर्षांच्या अभ्यासाचा दाखला यांपैकी प्रत्येकासाठी वेगळे कार्यालय आणि वेगळा कालावधी लागतो. अर्ज भरताना जो कोटा मागितला नाही, त्याचा आग्रह पुढे धरणे कठीण होते. दाखल्यावरील नाव आणि गुणपत्रिकेवरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी पडताळणी अडू शकते. त्यामुळे दहावीचा निकाल लागताच, म्हणजे प्रवेशाच्या दोन वर्षे आधी, कागदपत्रांची तयारी सुरू करणे हितावह असते.

यानंतरचा टप्पा महाविद्यालय आणि शाखा यांचे पर्याय भरण्याचा. येथे पसंतीचा क्रम निर्णायक असतो. कर्नाटकात प्रत्यक्ष वाटपापूर्वी एक नमुना वाटप जाहीर केले जाते. आपला गुणानुक्रम कोठे पोहोचतो हे पाहून विद्यार्थी त्यानंतर क्रम बदलू शकतो. प्रत्यक्ष वाटपानंतर त्याच्यापुढे चार मार्ग असतात : जागा स्वीकारून प्रवेश घेणे, जागा राखून पुढील फेरीत सहभागी होणे, जागा नाकारून पुढील फेरीत जाणे किंवा प्रक्रियेतून बाहेर पडणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गातील फरक न समजल्यास हाती आलेली जागा गमावण्याचा धोका असतो. ज्या घरातील कोणी यापूर्वी महाविद्यालयात गेलेले नाही, तेथे हा निर्णय समजावून सांगणारे माणूस बहुधा शाळेतील शिक्षकच असते.

प्रवेशानंतरचा निर्वाह

प्रवेश मिळाला तरी शुल्क आणि निवास यांचा प्रश्न उरतोच. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजनेत केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६०:४० असा असून त्यासाठी २.५ लाख रुपयांची वार्षिक कौटुंबिक उत्पन्न मर्यादा ठरवलेली आहे. तांत्रिक शिक्षण परिषदेच्या शुल्कमाफी योजनेत मंजूर क्षमतेव्यतिरिक्त ५ टक्के जागा ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काविना दिल्या जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेने देशातील ८६० दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी तारणाविना शैक्षणिक कर्जाची सोय केली आहे.

निवासाच्या बाबतीत, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांना भोजन व निवासासाठी साहाय्य देणारी कर्नाटकाची ‘विद्यासिरी’ आणि महाराष्ट्राची ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार’ या समान हेतूच्या योजना होत. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘शक्ती’ योजनेमुळे कर्नाटकात शासकीय साध्या बसमधून महिलांचा प्रवास विनामूल्य झाला. शहरापासून तास-दीड तासाच्या अंतरावरील गावांतील मुलींना रोज ये-जा करून शिकणे त्यामुळे सुकर झाले. महाराष्ट्राने २०२४-२५ पासून ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णतः माफ केले आहे.

समारोप

म्हैसूरच्या अनुभवातून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, विद्यापीठ स्थापन करणे आणि ते सर्वांना खुले करणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत आणि दुसरे काम अधिक दीर्घकाळ चालते. दुसरा, राखीव जागा आवश्यक असल्या तरी पुरेशा नाहीत. पात्रतेचा निकष वंचिततेच्या जितका जवळ असेल, तितका तो न्याय्य आणि न्यायालयात टिकणारा ठरतो. तिसरा, माहिती आणि मार्गदर्शन ही शिष्यवृत्तीइतकीच मूलभूत सुविधा मानली पाहिजे. प्रत्येक ग्रामीण माध्यमिक शाळेत एक शिक्षक प्रवेश मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षित केला आणि दहावीतच सर्व प्रमाणपत्रे शाळेमार्फत मिळवून देण्याची व्यवस्था झाली, तर अल्प खर्चात मोठा बदल घडू शकेल.

मुद्देनहळ्ळीच्या मुलाला एका शिष्यवृत्तीने पुण्यापर्यंत आणि कुप्पळीच्या मुलाला एका आश्रमातील निवासाने कुलगुरुपदापर्यंत पोहोचण्यास साहाय्य केले. त्यांच्या पिढीत अशी संधी क्वचित कोणाला मिळत असे. आज ती नियमांत लिहिलेली आहे. नियमातील ती संधी खेड्यातील शेवटच्या शाळेतील विद्यार्थ्यापर्यंत वेळेत पोहोचवणे, हेच आता शासन, शिक्षणसंस्था आणि समाज यांच्यापुढील कार्य आहे.